तैवानला निघालेल्या लेकीची तयारी: आधी कान, मग वही

अमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे: लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, दीड वर्ष ऑनलाइन मँडरिन शिकते, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास झाली आहे. जूनच्या शेवटी तैपेईत आठ आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाला तिचा नंबर लागला आहे. तिथे पोचल्यापासून फक्त मँडरिनमध्येच बोलेन, अशा कागदावर सही द्यावी लागली. आता हातात दहा आठवडे आहेत आणि ती रोज पन्नास नवे शब्द वहीत उतरवून पाठ करते आहे. हे बरोबर चाललंय का? आणि आई म्हणून मी काय करू?

ताई, मी जळगावात मँडरिन शिकवते आणि अशा वर्गांना जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देते: रोजचे पन्नास शब्द आजपासून दहावर आणा. उरलेला वेळ कानाला आणि तोंडाला द्या. शब्द तिथे मिळतीलच, रोज ओंजळीने मिळतील. ते ऐकू येणारा कान आणि चुकीचं का होईना, बोलून टाकणारं तोंड मात्र इथूनच घेऊन जावं लागतं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मी पहिल्यांदा असा वर्ग केला तो बीजिंगमध्ये. जाताना माझ्याकडे हजाराच्या वर शब्द होते, वही भरलेली होती. पहिल्या दुपारी जेवणघरातल्या बाईंनी मला एक वाक्य विचारलं आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं. मागे रांग लागली. मी मान हलवली आणि ताट न घेताच बाहेर आले. संध्याकाळी कळलं की त्या विचारत होत्या, "इथेच खाणार की घेऊन जाणार?" त्या वाक्यातला एकेक शब्द माझ्या वहीत होता. तो मी डोळ्यांनी शिकले होते, कानांनी नाही. त्यानंतर चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. ते चार दिवस मला अजून सलतात, कारण आठ आठवड्यांत असे दिवस मोजकेच असतात.

हिशेबच करू. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी मँडरिनला 88 आठवडे, म्हणजे 2200 तासांचे वर्ग धरते. तुमच्या लेकीच्या वर्गात रोज चार तास, आठवड्यातले पाच दिवस धरले, तर आठ आठवड्यांत 160 तास होतात. त्यामुळे "दोन महिन्यांत फाडफाड बोलायला लागेल" ही अपेक्षा घरातल्या सगळ्यांनी आधीच सोडून द्यावी. मामा, काका, शेजारी, सगळ्यांनी. या वर्गातून खरी कमाई होते ती वर्गाबाहेरच्या तासांत: भाजीवालीशी, खोलीतल्या मैत्रिणीशी, बसच्या थांब्यावर. आणि ती कमाई गप्प बसणाऱ्याला मिळत नाही.

गप्प बसण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातल्या मुलांचा खरा अडथळा मला तिथेच दिसतो. आपली पोरं घरात अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलतात. पहिलीत जातात, तिथे "डोया" म्हटलं की वर्ग हसतो, "डोळा" म्हण असं सांगितलं जातं. पुढे पुण्याला शिकायला गेली की एखादा "शे" तोंडून निसटतो आणि पुन्हा हसू. मग मूल एक गोष्ट शिकतं: पूर्ण खात्री असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. परीक्षेत अशी मुलं पहिली येतात. परदेशातल्या उन्हाळी वर्गात मात्र मागे पडतात, आणि दोन महिने मन लावून अभ्यास करूनही मागे पडतात. चोपड्याकडची एक मुलगी माझ्याकडे होती, लेखी परीक्षेत तिला नव्वदच्या खाली गुण नसत. तिथे तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिने शिक्षिकेशिवाय कुणाला एक वाक्य विचारलं नव्हतं. तिने मला कळवलं ते असं: "मॅडम, वाक्य मनात तयार होईपर्यंत समोरचा निघून जातो."

तिला मी जे सांगितलं तेच तुमच्या लेकीलाही सांगा. जे मूल पाच-सहा वर्षांचं असताना घरची बोली आणि शाळेची मराठी अशा दोन भाषांमध्ये रोज ये-जा करायला शिकलं, त्याने भाषेत बुडून जाण्याचा अनुभव आधीच घेतला आहे. अहिराणी हे तिचं भांडवल आहे, आणि त्याचा उपयोग मी वर्गात अगदी प्रत्यक्ष करते. मँडरिनमध्ये "आहे" साठी जो शब्द आहे तो आपल्या "शे"च्या जवळचा ऐकू येतो. "मी विद्यार्थी शे" असं म्हटलं की आमच्या वर्गात तो शब्द कुणी पुन्हा विसरत नाही. फक्त दोन फरक लक्षात ठेवायचे. तिथला "श" जीभ मागे वळवून काढलेला "ष" आहे आणि त्याच्यामागे "ए" नाही. आणि "मी बरी शे" अशा वाक्यात तो शब्द चालत नाही. गुण सांगताना तिथे बहुतेकदा "खूप" या अर्थाचा शब्द येतो: "मी खूप बरी." या एका चुकीवर इंग्रजीतून शिकलेली मुलं महिनेच्या महिने अडकलेली मी पाहिली आहेत.

आता उच्चार. इथे मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे आणि तो आपण इंग्रजी अक्षरांच्या नादाने घालवतो. पिनयिन ही रोमन अक्षरांत चिनी लिहायची पद्धत चीनने 1958 मध्ये स्वीकारली. तिच्यातलं "बी" हे अक्षर बघून मूल "ब" म्हणतं, पण तो उच्चार आपल्या "प"चा आहे. "पी" म्हणजे ओठ मिटून काढलेला जुना "फ", फणसाचा आणि फुलाचा, दात ओठाला न लावता. "डी" म्हणजे "त", "टी" म्हणजे "थ". "जी" म्हणजे "क", "के" म्हणजे "ख". इंग्रजी बोलणाऱ्याला प आणि फ, क आणि ख यांतला श्वासाचा फरक शिकायला महिने लागतात, आपल्याकडे तो बाराखडीत आहे. म्हणून वर्तमानपत्रातलं बीजिंग तिथे "पेइचिंग"सारखं ऐकू येतं आणि तैपेईचा "त" खरा "थ" आहे.

याहून बारीक फायदा च-वर्गात आहे. "चूल" आणि "चिमणी" या दोन शब्दांतले "च" वेगळे आहेत हे मराठी माणूस न शिकता जाणतो. मँडरिनला दोन्ही लागतात: चुलीचा "च" एका अक्षराला, चिमणीचा दुसऱ्या अक्षराला. "छत्री"चा "छ" आणखी एका अक्षराला. चुलीच्या "च"ला जोराचा श्वास जोडून होणारा उच्चार आपल्याकडे नाही, तो मुद्दाम बसवावा लागतो. आणि जीभ "ट"च्या जागी नेऊन "च" म्हणायचा असा एक वर्ग आहे, तोही सरावाने येतो. "शेत"मधला "श" आणि पुस्तकातला "ष" बोलताना आपण एक करून टाकले आहेत. मँडरिनमध्ये ते वेगळे ठेवले नाहीत तर शब्द बदलतो. मात्र तैपेईत एक गंमत तिला ऐकू येईल: तिथली बरीच माणसं जीभ फारशी वळवत नाहीत, "ष" त्यांच्या तोंडी "स"कडे झुकतो. तिने स्वतः नीट वळवून बोलावं, पण कानाला दोन्हीची सवय लावून जावं.

पहिले दोन आठवडे तिला हे सगळे उच्चार देवनागरीत लिहून करू द्या. काही शिक्षकांना ते आवडत नाही. मला व्यंजनांपुरतं ते इंग्रजी अक्षरांपेक्षा नक्कीच जवळचं वाटतं. दोन आठवड्यांनंतर मात्र देवनागरी बंद, कारण आपल्या लिपीत सूर, म्हणजे अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, लिहिता येत नाही, आणि मँडरिनमध्ये सूर हा अक्षराइतकाच महत्त्वाचा.

सुरांचं सांगते. चार सूर आणि पाचवा हलका. "माइ" तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणे, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणे. केळीच्या व्यापाऱ्याच्या घरात याहून मोठा फरक कोणता? "थांग" पहिल्या सुरात म्हणजे रस्सा, दुसऱ्या सुरात म्हणजे साखर. हे सूर एकेका शब्दावर घोकून पक्के होत नाहीत, कारण बोलताना शब्द जोडीने येतात. पहिल्या शब्दाचे चार सूर आणि दुसऱ्याचे पाच, अशा वीस जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी तिला रोजच्या वापरातले दोन शब्द निवडायला सांगा. असे चाळीस शब्द रोज पहाटे मोठ्याने म्हणायचे. उन्हाळ्यात धाब्यावर किंवा गच्चीवर झोपत असाल तर साडेपाचची वेळ उत्तम, आवाज मोकळा निघतो आणि ऊन अजून चढलेलं नसतं. दोन तिसरे सूर एकापुढे एक आले की त्यांतला आधीचा हा दुसऱ्या सुरासारखा होतो, हा नियम तिला पुस्तकातून माहीत असेलच. तोंडाला माहीत आहे का, ते रेकॉर्डिंग ऐकून ठरवा. तिसरा सूर खाली जाऊन वर येतो असं पुस्तकात काढलेलं असतं. बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. तो "खालचा सूर" म्हणूनच शिकावा.

मराठी माणसाची ठरलेली चूक एकच: प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज वर नेणे. "येतेस?" म्हणताना आपण नेतो तसा. मँडरिनमध्ये तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूर मोडतो. प्रश्नासाठी तिथे वाक्याच्या शेवटी "मा" लागतो, आपला "का" जसा लागतो तसाच. "खाल्लं का?" या आपल्या विचारपूशीसारखीच "छ्-ल मा" ही तिथली जुनी विचारपूस आहे. "का" म्हणताना आवाज वर न नेता नुसता ठेवून द्यायचा, एवढंच.

व्याकरणावर मी फार वेळ घालवणार नाही, पण एक आग्रह आहे. वाक्य मनात जुळवताना तिने मराठीतून जुळवावं, इंग्रजीतून नको. "मी उद्या जळगावात भाकरी खाणार." मी, उद्या, जळगावात: इथपर्यंत मराठी आणि मँडरिन दोन्हींचा क्रम एकच. फक्त पुढे "खाणे" आधी आणि "भाकरी" नंतर. इंग्रजी वाक्यात वेळ आणि जागा शेवटी जातात, आणि इंग्रजी माध्यमातली मुलं तीच चूक मँडरिनमध्ये करतात. तसंच "आईने केलेली भाकरी", "काल आलेला माणूस" ही रचना. आपलं "केलेली", "आलेला" नामाच्या आधी येतं, त्यांचंही तसंच येतं, मध्ये एक "त" जोडून. "आम्ही" आणि "आपण" हा भेद हिंदीतसुद्धा नीट नाही, उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये आहे.

मोजणीचे शब्दही आपल्याला परके नाहीत. मँडरिनमध्ये "तीन केळी" असं नुसतं म्हणता येत नाही. मध्ये मोजमापाचा शब्द लागतो: लांबट वस्तूसाठी वेगळा, मुठीत येणाऱ्यासाठी वेगळा, लोंबत्या घोसासाठी वेगळा. आपल्या रावेर-यावलच्या पोराला हे शिकवायला मला पाच मिनिटं लागतात. एक केळं, एक फणी, एक घड. झालं.

आता ज्या सरावाने सगळ्यात जास्त फरक पडतो तो. मी त्याला "नाव न घेता सांग" म्हणते. घरातली एक वस्तू घ्या: खलबत्ता, सूप, खापर, पाटा-वरवंटा. तिने त्या वस्तूचं नाव न वापरता, हातात असलेल्या सहाशे शब्दांत, दोन मिनिटं तिच्याबद्दल मँडरिनमध्ये बोलायचं. "हे दगडाचं आहे, जड आहे, आई यात मिरची आणि लसूण घालते, मोठा आवाज होतो." थांबायचं नाही, शब्दकोश उघडायचा नाही. अडली तर हात वापरायचे, दुसऱ्या वाटेने जायचं. पहिल्या आठवड्यात वीस सेकंदांत गाडी अडेल. आखाजीपर्यंत मिनिटभर जाईल. जूनमध्ये दोन मिनिटं सहज होतील. तैपेईत तिला औषधाच्या दुकानात "घामोळं" म्हणायचं असेल आणि शब्द माहीत नसेल, तेव्हा हाच सराव कामाला येणार आहे. वर्गातली हुशार आणि वर्गाबाहेर निभावणारी, यांतला फरक मला याच एका कसोटीवर कळतो.

याच्या जोडीला तीन वाक्यं झोपेतसुद्धा यायला हवीत: "कृपया पुन्हा एकदा सांगा", "जरा सावकाश बोला", आणि "याला काय म्हणतात?" हसून मान हलवणं बंद करायचं. कळलं नाही तर दर वेळी यांतलं एक वाक्य वापरायचं. ते न लाजता वापरणं हाही सरावच आहे, तो घरात करा. तुम्ही मराठीत मुद्दाम भरभर बोला आणि तिने प्रत्येक वेळी मँडरिनमध्ये अडवायचं.

ताई, तुमचा खरा सहभाग इथूनच सुरू होतो. पुढच्या आठवड्यापासून घरात रोज एक तास असा ठरवा की त्या वेळात ती मराठी बोलणार नाही. तुम्ही मराठीत बोला, ती मँडरिनमध्ये किंवा खुणांनी उत्तर देईल. तुम्हाला कळणार नाही, चिडचिड होईल, कामं अडतील. होऊ द्या. आखाजी झाली की तो वेळ तीन तासांवर न्या, आणि मे महिन्याच्या अखेरीला एक अख्खा रविवार. भाषेशिवाय अडून बसण्याची ती घुसमट तिने पहिल्यांदा आईच्या समोर अनुभवावी, अनोळखी शहरात नको. आणि या मोसमात लग्नं फार असतात हे मला माहीत आहे. दोन-तीन लग्नांना तिला सूट द्या. वाळवणाच्या दिवसांत पापड-बिबड्यांसाठी हात कमी पडले तरी तिचा सकाळचा तास मोडू नका.

लिपीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण एचएसकेसाठी तिने सोपी केलेली अक्षरं शिकली असणार. तैवानमध्ये पारंपरिक अक्षरं चालतात. फलक, पाठ्यपुस्तक, खाद्यपदार्थांची यादी, सगळं त्यातच. ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाहीत. कितीतरी अक्षरं दोन्हीकडे सारखी आहेत आणि बदललेल्यांत ठरावीक भाग पुन्हा पुन्हा येतात. "प्रेम" या पारंपरिक अक्षराच्या मधोमध "हृदय" हे अक्षर बसलेलं आहे, सोप्या रूपात ते काढून टाकलं. असं भागाभागाने बघितलं की ओळख पटते. तिचे सहाशे शब्द तिने पारंपरिक रूपात नुसते वाचता येतील इतके करून जावे. हाताने लिहायला तिथे शिकवतीलच. वेळ उरला तर चूयिन ही तैवानची 37 चिन्हांची उच्चारलिपी बघून ठेवावी. तिची मांडणी आपल्या वर्णमालेसारखी आहे, ओठांचे वर्ण एकत्र, दातांजवळचे एकत्र. चिनी वर्णांची अशी उच्चारस्थानानुसार मांडणी बौद्ध भिक्षूंनी भारतातून गेलेल्या ध्वनिशास्त्राच्या आधारे घडवली, त्यामुळे ती आपल्याला ओळखीची वाटते यात नवल नाही.

अशा वर्गांत बहुतेक ठिकाणी रोज सकाळी श्रुतलेखन असतं. शिक्षिका म्हणते, मुलं अक्षरं लिहितात, आणि तिथूनच दिवस सुरू होतो. त्याची सवय इथे लावा: रात्री दहा शब्द, सकाळी उठल्यावर रेकॉर्डिंग लावून ते लिहायचे. संख्या वाढवू नका, वेग वाढवा.

तिथे पोचल्यावर पातळी ठरवायची परीक्षा होईल. तिच्यासाठी वेगळी घोकंपट्टी करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. घोकून वरच्या वर्गात बसलेलं मूल पहिल्या आठवड्यातच पाण्याखाली जातं आणि उरलेले सात आठवडे श्वास घ्यायला वर येत राहतं. तिला मनाने जो वर्ग वाटतो त्याच्या एक पायरी खाली बसवलं तरी आनंदाने बसावं. पहिले चार दिवस सोपे वाटले तर मागून वर जाता येतं.

आता फोन. तैवानचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तुम्ही रात्री साडेआठला जेवणं आटोपून फोन लावाल तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतील, आणि तीच तिची सकाळच्या श्रुतलेखनाची तयारी करायची किंवा झोपायची वेळ. रोजच्या अर्ध्या तासाच्या फोनने दोन गोष्टी होतात. अभ्यास तुटतो, आणि दिवसभर दुसऱ्या भाषेत राहिलेलं डोकं पुन्हा मराठीत येतं, त्याला परत तिकडे न्यायला सकाळ लागते. म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी बोला. रोज खुशालीचा एक ओळीचा संदेश पुरे. घरच्यांशी बोलण्याबाबत वर्गाचा नियम काय आहे तो आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी घरच्यांशी खोलीत बोलायला हरकत नसते, पण इतर मुलांच्या समोर नाही.

साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी तिचा रडत फोन येईल. मी तयारी करून घेतलेल्या बहुतेक मुलांचा आला. डोकं दुखतं, काही कळत नाही, सगळे पुढे गेले, मला येत नाही. हे बिघाडाचं लक्षण नाही, त्या टप्प्यावर असंच होतं. त्या वेळी "परत ये" म्हणू नका आणि "आम्ही एवढा खर्च केला" असंही म्हणू नका. जेवली का विचारा, झोपायला सांगा. दुसऱ्या दिवशी एका माणसाला एक प्रश्न विचारून ये, एवढंच काम द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कान उघडतो. बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोन बायकांचं बोलणं न ऐकायचं ठरवूनही कळायला लागतं. तो दिवस आला की ती स्वतःच तुम्हाला सांगेल.

खाण्याची काळजी तुम्हाला असणारच. तुमचं घर शाकाहारी असेल तर तैवान त्या मानाने सोयीचं आहे. बौद्ध परंपरेमुळे तिथे शाकाहारी खानावळी भरपूर आहेत, पुष्कळांच्या पाटीवर स्वस्तिकासारखं चिन्ह असतं. "वो छ्-सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, हे सूरांसकट पाठ हवं. पण त्यातही प्रकार आहेत: अंडं-दूध चालणारं वेगळं, कांदा-लसूण वर्ज्य असलेलं वेगळं. जैन घरातल्या मुलांना ते दुसरं फार उपयोगी पडतं. साध्या हॉटेलातल्या नूडल्सचा रस्सा मात्र हाडांचा असू शकतो, वरून भाजी दिसली तरी विचारावं. शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी यांची आठवण पाचव्या दिवसापासून येते, त्याला इलाज नाही. शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा ठेचा थोडा द्या. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं विमानातून नेऊ नयेत, तिथे तपासणी कडक असते.

हवा दमट. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाची सवय तिथे कामाला येत नाही, पस्तिशीतही घाम सुकत नाही. सुती कपडे, आणि वर्गातल्या एसीसाठी एक शाल. उन्हाळा हा तिथे वादळांचा मोसम, आणि भूकंपाचे लहान धक्के अधूनमधून बसतात. पहिल्या दिवशी सूचना सांगतात त्या नीट ऐकाव्यात. तैपेईच्या मेट्रोत खाणं-पिणं बंद असतं, पाणीसुद्धा. भुसावळच्या गाडीत बसलं की डबा उघडायची आपली सवय आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. कागदपत्रांचं म्हणाल तर तैवानचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र, म्हणजे त्यांच्या वकिलातीचं काम बघणारं कार्यालय, 2024 च्या ऑक्टोबरपासून मुंबईतही आहे. व्हिसाची चौकशी आताच करा, जूनवर ठेवू नका.

एक तयारी मुलं हमखास विसरतात: बोलायला विषय. नाव, गाव, छंद संपले की चौथ्या मिनिटाला गप्पा थांबतात. तिने दोन-दोन मिनिटांचे चार-पाच विषय घट्ट करून न्यावेत. एक केळीचा. तैवानच्या दक्षिणेतही केळीच्या बागा आहेत, आणि आपल्याकडची बसराई ज्या कॅव्हेंडिश कुळातली, ते कुळ चीनच्या दक्षिणेतून मॉरिशसमार्गे युरोपात गेलं आणि जगभर पसरलं. शेतकऱ्याची लेक असेल तर तिथल्या बाजारात फणी हातात घेऊन अर्धा तास बोलू शकेल. दुसरा अजिंठ्याचा. जळगावपासून दीड तासावरच्या या लेण्यांचं चिनी नाव "आ-चान-थुओ". आणि सातव्या शतकात आपल्या मुलखातून गेलेला, 645 मध्ये परत चीनला पोचलेला तो भिक्षू, ज्याला आपण ह्युएनत्संग म्हणतो आणि ते "श्वेन-त्सांग" म्हणतात, तिथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतो. त्याने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे, अभ्यासक तो अजिंठाच मानतात. "मी त्या डोंगराच्या जवळची" एवढं म्हटलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो, हे मी पाहिलं आहे.

तिसरा विषय तुमच्या स्वयंपाकघरातला असू द्या. खापरावरचे मांडे कसे करतात, हे तिने "नाव न घेता सांग"च्या पद्धतीने बसवावं. दुकानातल्या बाईंना तिथे "आयी" म्हणतात, म्हणजे थेट आपली मावशी, आणि मालकाला "लाओपान", आपल्याकडे शेठ म्हणतो तसं. मावशीला मांडे समजावून सांगता आले तर तिची भाषा तिथल्या पुस्तकाच्या बरीच पुढे गेली असं समजा.

पुढच्या रविवारपर्यंत तिच्याकडून एवढंच करून घ्या: "विकत घेणे" आणि "विकणे", दोन्ही दहा-दहा वेळा, क्रम मिसळून, फोनवर रेकॉर्ड. मग घरातल्या कुणीतरी, ज्याला मँडरिनचा गंधही नाही अशा कुणीतरी, ते ऐकून प्रत्येक वेळी "हे पहिलं" की "हे दुसरं" ते लिहायचं. आजीने केलं तर उत्तम, बोलीच्या लहेजाला आजीचा कान फार पक्का असतो. वीसपैकी अठरा बरोबर आले की वीस जोड्यांकडे वळा. नाही आले तर तिथेच आणखी एक आठवडा थांबा.